आगमनकाळ प्रथमच पाळताना: वाट पाहण्याची रीत आणि देहधारणाचा अर्थ

ख्रिस्ती उपासनेचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. पश्चिमी परंपरेत ते आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या साधारण चार आठवड्यांच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी सुरू होते, आणि त्या दिवशी जो प्रथमच चर्चमध्ये पाऊल ठेवतो त्याला थोडे बुचकळ्यात पडल्यासारखे होते. बाहेर नाताळची लगबग सुरू झालेली असते, पण आत वेदीवर जांभळे वस्त्र असते, गायनाचा सूर संथ असतो आणि शुभवर्तमानाचे वाचन बाळ येशूच्या जन्माचे नसून जगाच्या अंताचे व जागे राहण्याच्या आज्ञेचे असते. हा विरोध समजला नाही तर चार आठवडे नाताळची नुसती प्रतीक्षायादी होऊन बसतात. जे यंदा प्रथमच आगमनकाळ मनापासून पाळू इच्छितात, त्यांनी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि ते का करावे, हे येथे सांगत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. देव मनुष्य झाला असे ख्रिस्ती श्रद्धा सांगते, तेव्हा त्याने मनुष्याचे शरीर घेतले इतकेच ती सांगत नाही. मनुष्याला लागणारा वेळही त्याने स्वीकारला, असे ती सांगते. तो नऊ महिने आईच्या उदरात वाढला, बोलायला आणि चालायला शिकला, आणि जवळजवळ तीस वर्षे कोणाच्या नजरेत न येता जगला. म्हणून आगमनकाळातले वाट पाहणे ही सणाआधीची रिकामी जागा नव्हे. देहधारणाच्या गूढाची ओळख तिथूनच सुरू होते.

पहिली पायरी: दिवस ठरवून घ्या

पश्चिमी परंपरेच्या चर्चमध्ये, म्हणजे कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन आणि इतर अनेक मंडळ्यांमध्ये, आगमनकाळ ३० नोव्हेंबर या प्रेषित अंद्रियाच्या सणाला सर्वांत जवळ असलेल्या रविवारी सुरू होतो. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबरला आणि २०२८ मध्ये ३ डिसेंबरला आहे. कॅलेंडर घेऊन २५ डिसेंबरपासून मागे चार रविवार मोजले, की झाले. फक्त २५ तारीख स्वतःच रविवारी येत असेल तर ती मोजायची नाही. त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा असतो, तर कधी पूर्ण २८ दिवसांचा. २०२८ मध्ये चौथा रविवार आणि नाताळची पूर्वसंध्या एकाच दिवशी येतात, म्हणून त्या वर्षी शेवटचा आठवडा जवळजवळ नसतोच, हे लक्षात ठेवून वाचनांची आखणी करावी.

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत चार रविवारांऐवजी ४० दिवसांचा उपवास असतो आणि तो १५ नोव्हेंबरला सुरू होतो. मिलान शहराच्या प्राचीन उपासनाविधीत आजही सहा आठवडे पाळले जातात. आपण ज्या मंडळीसोबत उपासना करता तिची रीत धरावी. घरी स्वतंत्र वेळापत्रक चालवण्यात काही लाभ नाही.

दुसरी पायरी: कोणाचे आणि कोणते आगमन, हे समजून घ्या

‘आगमन’ हा शब्द लॅटिनमधील ‘आद्वेंतुस’ या शब्दासाठी आहे. रोमन जगात सम्राट एखाद्या नगरीत समारंभाने प्रवेश करी, त्या प्रसंगालाही हाच शब्द होता. नगर सजवले जाई, लोक वेशीबाहेर सामोरे जात. ख्रिस्ती लोकांनी तो शब्द उचलला आणि गोठ्यात जन्मलेल्या एका बाळासाठी वापरला. त्या काळच्या माणसाला हे केवढे विलक्षण वाटले असेल, याची कल्पना करून पाहावी.

बाराव्या शतकातील मठाधिपती क्लेअरव्होचे बर्नार्ड यांनी प्रभूची तीन आगमने सांगितली आहेत. पहिले बेथलेहेममधले, दुर्बल देहातले. शेवटचे काळाच्या अंती, वैभवातले. या दोहोंच्या मधले तिसरे गुप्त आहे, ते आज विश्वासणाऱ्याच्या अंतःकरणात होते. पहिल्या रविवारचे वाचन जगाच्या अंताविषयी का असते, याचे उत्तर इथे मिळते. चर्च चार आठवडे बाळ येशूचा जन्म अजून झालेला नाही असे नाटक करत नसते. जो एकदा आला तोच पुन्हा येणार आहे, या विश्वासाने ते उभे असते. नव्या करारात एक अरामी प्रार्थना मूळ रूपातच जपली गेली आहे: ‘मारानाथा’, म्हणजे ‘हे प्रभू, ये’. नवागताला आगमनकाळात पाठ करायला एकच प्रार्थना हवी असेल, तर मी हीच सांगेन.

तिसरी पायरी: देहधारणाचा अर्थ नीट लावा

इथे घाई करू नये. पहिला आठवडा पूर्ण याच्यासाठी दिला तरी चालेल.

सुरुवात योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायापासून, विशेषतः चौदाव्या वचनापासून करावी: ‘शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.’ मूळ ग्रीकमध्ये ‘देह’ यासाठी जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ मांस असा होतो. भूक लागणारे, थकणारे, जखमी होणारे आणि एक दिवस मरणारे मांस. आणि ‘वस्ती केली’ यासाठी जे क्रियापद आहे त्याच्या पोटात ‘तंबू’ हा शब्द आहे. योहान जणू म्हणतो की त्याने आमच्यात आपला तंबू ठोकला. जुन्या करारातील निर्गमाच्या पुस्तकात अरण्यातून चाललेल्या इस्राएल लोकांबरोबर देवाचा निवासमंडप चालत असे. लोक तळ हलवत तेव्हा तोही हले. ज्यू वाचकाला ते चित्र तत्काळ आठवले असणार. फरक एवढाच की आता तो मंडप कातड्याचा आणि कापडाचा राहिलेला नाही, तो एका माणसाचा देह आहे.

हे ऐकल्यावर मनात जे गैरसमज उभे राहतात ते फार जुने आहेत, आणि चर्चने त्यांचा एकेक करून विचार केला आहे. पहिला गैरसमज असा की देवाने माणसाचा फक्त वेष घेतला, शरीर होते ते दिसण्यापुरते. योहानाच्या पहिल्या पत्रातच याला ठाम नकार आहे: येशू ख्रिस्त देहाने आला हे जो कबूल करतो तो आत्मा देवापासून आहे. दुसरा असा की येशू हा देवाने निर्माण केलेला सर्वश्रेष्ठ प्राणी होता, पण देव नव्हता. अलेक्झांड्रियाच्या एरियसने मांडलेले हे मत इ.स. ३२५ मध्ये भरलेल्या बिशपांच्या नायसिया परिषदेने नाकारले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे जाहीर केले. तिसरा गैरसमज अधिक सूक्ष्म आहे. शरीर मानवी होते, पण आत मानवी मनाऐवजी देवाचा शब्दच होता, असे तो सांगतो. त्यावर चौथ्या शतकातील बिशप नाझियानझसचे ग्रेगरी यांनी दिलेले उत्तर मला सगळ्यांत मोलाचे वाटते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की जे त्याने धारण केले नाही ते बरे झालेले नाही. आपले मन आजारी असेल, आपली भीती, आपली इच्छा, आपले दुःख आजारी असेल, तर तेही त्याने धारण केलेले असले पाहिजे. एरवी तारण अर्धेच राहील. अखेर ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेने सांगितले की ख्रिस्त एकच व्यक्ती असून तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे. त्याचे दोन स्वभाव एकमेकांत मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत आणि वेगळे होत नाहीत. या चार नकारांनी गूढ उलगडत नाही, पण ते कोणत्या बाजूंनी मोडू शकते हे कळते.

मराठी वाचकाच्या ओठांवर इथे ‘अवतार’ हा शब्द सहज येतो, आणि तो आदराने बाजूला ठेवण्याचे कारण सांगितले पाहिजे. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘देहधारण’ हा शब्द रूढ आहे, कारण ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे ही घटना इतिहासात एकदाच घडली आणि घेतलेला देह पुन्हा टाकून दिला गेला नाही. पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या, असे शुभवर्तमान सांगते. तो आजही मनुष्य आहे. नवागताने हे वाक्य शांतपणे दोनदा वाचावे. माझ्या पाहण्यात अनेक जुन्या विश्वासणाऱ्यांनीही त्याचा कधी विचार केलेला नसतो.

मग देवाने असे का केले? चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांनी एक दृष्टान्त दिला. लाकडी फळीवर एखाद्याचे चित्र रंगवलेले आहे आणि ते डागाळून पुसट झाले आहे. फळी फेकून द्यायची नसेल तर ज्याचे ते चित्र आहे त्यानेच पुन्हा समोर येऊन बसले पाहिजे, म्हणजे त्याच फळीवर त्याची प्रतिमा नव्याने काढता येईल. मनुष्य देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला. ती प्रतिमा मळली. आणि देवाने फळी फेकली नाही, तो स्वतः समोर येऊन बसला.

हे सर्व सिद्धान्ताच्या पातळीवर राहू नये म्हणून शुभवर्तमानातील छोटे प्रसंग शोधून वाचावेत. प्रवासाने थकून तो विहिरीजवळ बसला (योहान ४). तारवाच्या मागच्या भागात उशी घेऊन तो झोपी गेला (मार्क ४). लाजराच्या कबरेपाशी तो रडला (योहान ११). आणि लूक दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी सांगतो की तो ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला. सर्वज्ञ देव वाढत गेला. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल याला ‘त्याने स्वतःला रिक्त केले’ असे म्हणतो.

चौथी पायरी: आठवड्यानुसार वाचन करा

लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत, म्हणून १ डिसेंबरपासून रोज एक वाचण्याची पद्धत बरीच प्रचलित आहे. ती वाईट नाही, पण आगमनकाळासाठी मी ती सुचवणार नाही, कारण दुसऱ्याच दिवशी जन्म होऊन जातो आणि वाट पाहणे संपते. त्याऐवजी थोडे वाचावे आणि तेच पुन्हा वाचावे. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. चर्चमधील रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात येतात आणि त्यांत अनुक्रमे मत्तय, मार्क व लूक यांना प्राधान्य असते. आठवड्यांचा आशय मात्र साधारण तोच राहतो.

पहिल्या आठवड्यात जागृतीचा विषय असतो. मार्कच्या तेराव्या अध्यायाचा शेवट घ्यावा, जिथे परदेशी गेलेला घरधनी द्वारपाळाला जागे राहायला सांगून गेला आहे. जोडीला यशयाचा दुसरा अध्याय वाचावा. दुसऱ्या आठवड्यात बाप्तिस्मा करणारा योहान येतो: यशयाचा चाळिसावा अध्याय आणि मार्कची पहिली आठ वचने.

तिसऱ्या आठवड्यासाठी मत्तयच्या अकराव्या अध्यायाची सुरुवात जरूर वाचावी. ज्या योहानाने नदीकाठी मोठ्या आवाजात ख्रिस्ताची घोषणा केली होती, तोच आता तुरुंगात आहे आणि शिष्यांकडून निरोप पाठवून विचारतो की येणारा तो आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? चर्चने हा प्रश्न आनंदाच्या रविवारी, म्हणजे आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, वाचायला ठेवला आहे, तीन वर्षांतून एकदा. येशू त्याला दटावत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, हे जाऊन सांगा, म्हणतो. ज्याच्या मनात शंका आहे त्याने आगमनकाळापासून दूर राहण्याचे कारण नाही. शंका घेऊन वाट पाहणाऱ्याची जागा या काळात आधीच ठरलेली आहे.

चौथा आठवडा मरीयेचा आणि योसेफाचा असतो. लूकच्या पहिल्या अध्यायात ८० वचने आहेत आणि ती या आठवड्यात तुकड्या-तुकड्यांनी वाचावीत. मरीया गब्रीएल देवदूताला होकार देते आणि लगेच उठून घाईने डोंगराळ प्रदेशाकडे, आपल्या नात्यातील वृद्ध अलीशिबेकडे जाते. नासरेथहून यहूदियाच्या डोंगरांपर्यंतची ती वाट काही दिवसांची होती. दारात अभिवादन होते, आणि अलीशिबेच्या उदरातले सहा महिन्यांचे बाळ उसळते. इथे क्षणभर थांबावे. प्रभूच्या आगमनाची पहिली ओळख पटली ती राजवाड्यात नाही, मंदिरात नाही. दोन गर्भवती स्त्रियांच्या भेटीत, आणि तीही अजून न जन्मलेल्या बाळाला. मरीया तिथे सुमारे तीन महिने राहिली, एवढेच लूक सांगतो. त्या तीन महिन्यांत काय झाले हे त्याने लिहिलेले नाही. दोघी वाट पाहत होत्या, एवढे नक्की.

मत्तयची वंशावळ कंटाळवाणी वाटून वगळू नये. त्या चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन ओळींत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी अशा चार स्त्रिया आहेत, आणि त्यांतील एकीचीही कहाणी सरळसोट नाही. देवाने देह घेतला तो याच कुळात, त्याच्या परक्यांसह आणि कलंकांसह.

पाचवी पायरी: मेणबत्त्यांचे चक्र लावा

हे चक्र प्राचीन नाही. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारे लुथरन पाळक योहान हिनरिच विखर्न यांनी १८३९ मध्ये ते प्रथम लावले. त्यांनी एका लाकडी चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि इतर दिवसांसाठी छोट्या मेणबत्त्या बसवल्या, म्हणजे नाताळला किती दिवस उरले हे मुलांना मोजता येईल. आज बहुतेक ठिकाणी चारच मेणबत्त्या असतात: तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. गुलाबी रंग ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ या पौलाच्या वचनाची आठवण देतो. काही मंडळ्या जांभळ्याऐवजी निळा रंग वापरतात. आशा, शांती, आनंद, प्रेम ही नावेही दिली जातात, पण त्यांचा क्रम सर्वत्र सारखा नाही. त्यावरून वाद घालू नये.

घरी करायचे असेल तर सदाहरित पानांचे एक कडे, चार मेणबत्त्या आणि खाली न पेटणारे ताट एवढे पुरे. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा त्या वाढवत जाव्यात. शक्य असेल तर दिवे मालवून, अंधारात क्षणभर गप्प बसून मग पहिली पेटवावी आणि तिच्याच उजेडात वाचन करावे. चौथ्या रविवारपर्यंत पहिली मेणबत्ती सर्वांत बुटकी झालेली असते आणि चौथी पूर्ण उंचीची, कोरी असते. नवी पहिली आणून ती ओळ सारखी करण्याचा मोह टाळावा. वाट पाहण्यात किती जळून गेले हे त्या असमान उंचीवर दिसते. आणि वाचन संपल्यावर त्या विझवल्याशिवाय खोली सोडू नये, विशेषतः पाने वाळू लागल्यावर.

सहावी पायरी: एक त्याग, एक देणे

आगमनकाळ हा ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाइतका कठोर नाही, तरी संयमाचा आहे. कॅथलिक उपासनेत या रविवारांना ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गात नाहीत, कारण ते बेथलेहेमच्या रात्री देवदूतांनी गायलेल्या शब्दांनी सुरू होते. ते नाताळसाठी राखून ठेवतात. घरीही काहीतरी असेच राखून ठेवावे. एखादी आवड सोडावी, आणि त्यातून वाचलेला वेळ किंवा पैसा ज्याला गरज आहे त्याला द्यावा, शक्यतो स्वतः जाऊन. ज्याने देहाने येण्याचे निवडले त्याची तयारी दुरून होत नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स विश्वासणाऱ्यांनी या दिवसांत पापांगीकाराचा संस्कारही घ्यावा.

मधले काही दिवस चुकले तर मागचे भरून काढण्याच्या मागे लागू नये. त्या दिवशीचे वाचन उघडावे आणि तिथून पुढे चालावे.

सातवी पायरी: १७ ते २३ डिसेंबर

हे सात दिवस या काळाचा गाभा आहेत. पश्चिमी चर्चमध्ये निदान बाराशे वर्षे या सात संध्याकाळी लूकच्या पहिल्या अध्यायातील मरीयेच्या स्तोत्रासोबत सात छोट्या आळवण्या गायल्या जात आहेत आणि प्रत्येकीत ख्रिस्ताला जुन्या करारातील एका नावाने हाक मारलेली आहे: ज्ञान, प्रभू, इशायाचे (दावीद राजाच्या वडिलांचे) मूळ, दावीदाची किल्ली, पहाटेचा उदय, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. प्रत्येक आळवणीत ‘ये’ हा शब्द येतो. लॅटिन नावांची आद्याक्षरे शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली तर ‘एरो क्रास’ असे शब्द तयार होतात. त्यांचा अर्थ ‘उद्या मी तिथे असेन’ असा होतो. रोज संध्याकाळी त्या दिवसाचे नाव घ्यावे, ‘मारानाथा’ म्हणावे आणि काही वेळ शांत राहावे. जास्त शब्दांची गरज पडत नाही.

२४ डिसेंबरची रात्र

संध्याकाळची प्रार्थना सुरू झाली की आगमनकाळ संपतो. चक्राच्या मध्ये पांढरी मेणबत्ती ठेवली असेल तर ती आता पेटवावी. कॅथलिक चर्चमध्ये नाताळच्या मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला, जाणार असाल तर एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. वर्षभर रविवारी श्रद्धासूत्र, म्हणजे श्रद्धेचे कबुलीवचन, म्हणताना, देव मनुष्य झाला या शब्दांपाशी सर्वजण मस्तक लववतात. पण वर्षातून दोनदा, २५ मार्चला मरीयेला मिळालेल्या निरोपाच्या सणाला आणि त्यानंतर बरोबर नऊ महिन्यांनी नाताळला, त्याच शब्दांपाशी सारी मंडळी गुडघे टेकते. शेजारचे लोक अचानक खाली वाकलेले दिसतील. तुम्हीही त्यांच्यासोबत गुडघे टेका.